दुष्काळातली माणुसकी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाच्या पोरांनी तगादा लावला. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात जे वाचले, चार जाणत्या माणसांच्या तोंडून जे ऐकले, तेवढीच माझी विद्या. पण एक गोष्ट बरीच वर्षे मनात आहे. आपल्या जयंतीच्या आणि परिनिर्वाण दिनाच्या व्याख्यानांत महाडचे तळे येते, काळाराम मंदिर येते, येवल्याची घोषणा येते, नागपूरची दीक्षाभूमी येते, आणि ते यायलाच पाहिजे. मात्र जिथे सभा नव्हती, घोषणा नव्हती, टाळ्या वाजवायला माणूस नव्हता, अशा ठिकाणी कुणी काय केले ते फारसे सांगितले जात नाही. क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा येते, अंगावर शेण झेलणारी बाई येते. माईंचे दुष्काळातले काम मात्र आपल्या घराघरांत ठाऊक नाही. ते सांगण्यासाठी हा लेख.

सावित्रीमाईंनी महात्मा जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे छापलेली आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ती वाचायला मिळतात. पहिले १८५६ चे, दुसरे १८६८ चे आणि तिसरे २० एप्रिल १८७७ चे. पहिली दोन माहेराहून, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या नायगावहून लिहिलेली, आणि तिसरे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून. नवऱ्याला लिहिलेली पत्रे, पण घरच्या कुरबुरी त्यांत नाहीत म्हटले तरी चालेल. गावात काय चालले आहे, कोण मरते आहे, कोण कोणाला मारायला निघाले आहे, आणि आपण काय केले, एवढेच.

आता आधी तो दुष्काळ काय होता ते बघू. १८७६ साली पाऊस दडी मारून बसला. पुणे, सोलापूर, सातारा, नगर, विजापूर, सगळा दख्खनचा पठारी मुलूख करपून गेला. दोन वर्षे ही आग चालली. मद्रास इलाख्यात तर याहून भयंकर हाल झाले. एकूण किती माणसे मेली याचा कमीत कमी अंदाजसुद्धा पन्नास लाखांच्या वर जातो. आणि ही माणसे मरत असताना देशातले धान्य बोटीत भरून विलायतेला जातच होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरला. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून राजेरजवाड्यांच्या पंगती उठल्या. त्याच दिवशी नागपूरला टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिला नाव दिले एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञी. आम्हा गिरणी कामगारांना ही तारीख लक्षात राहते. त्याच वर्षी त्या गिरणीत मजुरीवरून संपही झाला, तो देशातल्या अगदी पहिल्या संपांपैकी समजला जातो.

दुष्काळ आकाशातून पडतो असे म्हणतात, पण तो जमिनीवर आधीच तयार होऊन बसलेला असतो. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यात सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा नेला आणि कर्जाचे कागद, खतपत्रे बाहेर काढून जाळली. पुढे ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. साराभरणा रोखीने, तो भरायला सावकाराचे कर्ज, कर्जाच्या कागदावर काय लिहिले ते वाचता येत नाही, आणि कोर्टात कागद खरा. अशा रीतीने शेतकरी आधीच पोकळ झालेला होता. वरून पावसाने पाठ फिरवली. मग काय राहते?

आणि शेतकरी जिथे पोकळ झाला तिथे आपला समाज कुठे असेल याचा विचार करा. महारवाड्याचे पोट बलुत्यावर. खळ्यावर रास पडली तर त्यातला वाटा, तोही वाकून, जोहार घालून मागायचा. रासच पडली नाही तर बलुते कशाचे? वेसकराची भाकरी दारोदार गोळा व्हायची, पण ज्यांच्या चुलीत जाळ नाही ते भाकरी काय देणार. उरले मेलेले ढोर. ते ओढायचे आणि तेच खायचे. म्हणून दुष्काळात पहिला बळी जातो तो ज्याचे जगणे दुसऱ्याच्या खळ्यावर टांगलेले आहे त्याचा. प. पू. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले आणि हे वतन सोडा म्हणून जिवाचा आटापिटा केला, त्याच्यामागे हीच टांगलेली पिढ्यान्‌पिढ्यांची भूक होती. आपल्यातल्याच काही जुन्या माणसांना तेव्हा ते पटले नव्हते, हेही खरे आहे.

सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तळी, कालवे. नीरेचा डावा कालवा, दौंड-मनमाड रेल्वे, ही सगळी त्या काळातल्या भुकेल्या हातांची कामे आहेत. आज मनमाडच्या गाडीत बसताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. मजुरी किती? सर रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबाने हिशेब घातला की धडधाकट गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा पुरे आहे. बायकांना आणि पोरांना त्याहून कमी. दिवसभर पहार चालवायची आणि एवढ्यावर जगायचे. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामे सोडून दिली आणि चालू लागले. उपाशी माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले, हे नमूद केले पाहिजे. पण अर्जाला उत्तर येईपर्यंत पोट थांबत नाही.

असल्या दिवसांत सावित्रीमाई ओतूरला होत्या. वय सेहेचाळीस. मूलबाळ पोटचे नाही, तीन वर्षांपूर्वी दत्तक घेतलेला यशवंत लहान. पुण्यात घर होते, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नव्हती. तरी बाई जुन्नरच्या भागात उन्हातान्हात गावोगाव फिरत होती. पत्रात माईंनी जे पाहिले ते लिहिले आहे. जनावरे तडफडून पडत आहेत, चारा नाही, नद्या आटल्या, जमिनीला भेगा पडल्या. माणसे गावे सोडून चालली आहेत. झाडपाला, नको ती फळे खात आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटची पोरे, मुली विकत आहेत.

हे वाचताना मी नेहमी थांबतो. भूक माणसाला मारते हे आपण समजू शकतो. पण भूक माणसाला मारण्याआधी त्याच्यातले माणूसपण मारते. बापाचा बापपणा जातो. शेजाऱ्याचा शेजारधर्म जातो. ज्याच्या पेवात धान्य आहे तो पेवाचे तोंड लिंपून घेतो, आणि सावकार तर अशा वेळी जमिनी मातीमोलाने घशात घालतो. गावाला कीड लागते म्हणतात ती अशी. उगीच आपण खेडे म्हणजे प्रेमळ, खेडे म्हणजे निर्मळ अशी गाणी गातो. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याबद्दल जे परखड मत मांडले ते पुस्तकातून काढलेले नव्हते.

तर अशा कीड लागलेल्या वेळी माईंनी काय केले? सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. म्हणजे संस्था जेमतेम चार वर्षांची, पैसा नाही, सरकार पाठीशी नाही. खेड्यापाड्यांतले माळी, कुणबी, धनगर असले साधे कार्यकर्ते. त्यांच्या समित्या करून धान्य गोळा करणे, शिजवणे, वाटणे, आजाऱ्याकडे बघणे, ही कामे चालू होती. ओतूरला माई ज्यांच्या आश्रयाने राहत होत्या त्या घरच्या माणसांचा, मदतीला येणाऱ्या गावकऱ्यांचा, पैसे देणाऱ्यांचा उल्लेख माई नावानिशी करतात. पाटील आहेत, शास्त्रीसुद्धा आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या कामाचा पाढा वाचण्यापेक्षा दुसऱ्याने काय दिले हे त्यांनी आधी नोंदवले. आज आमच्या मंडळांत वर्गणीच्या पावतीवर अध्यक्षाचा फोटो देणाऱ्याच्या नावापेक्षा मोठा असतो. असो.

सावकारांना हे काम रुचले नाही. उपाशी माणूस लाचार असला तरच जमीन स्वस्तात मिळते. खटके उडाले, तक्रारी गेल्या, आणि सत्यशोधकांची पन्नास माणसे सरकारने पकडली. आता विचार करा, १८७७ साल आहे. समोर गोरा कलेक्टर, मागे हत्यारी शिपाई. आणि एक माळ्याची बाई त्याच्यापुढे उभी राहून सांगते की आमची माणसे भुकेल्यांना जगवतात, दरोडे घालत नाहीत. बाई रडली नाही, साहेबाच्या पाया पडली नाही. साहेबाला काय वाटले असेल ते असो, त्याने माणसे सोडली आणि वर चार बैलगाड्या ज्वारी पाठवून दिली.

चार गाड्या ज्वारी. लाखोंच्या मरणापुढे हे किती? काहीच नाही म्हणाल. पण त्या चार गाड्यांच्या भाकरी ज्यांच्या पोटात गेल्या त्यांना विचारले असते तर त्यांनी वेगळा हिशेब सांगितला असता.

त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या पोरक्या, उपाशी मुलांसाठी अन्नछत्र घातले. त्याला नाव दिले व्हिक्टोरिया बालाश्रम. जिच्या दरबारापायी पंगती उठल्या तिच्याच नावाने इकडे पोरांची पंगत बसली! जोतिरावांनी मदतीसाठी पत्रक काढले, ते छापील आहे. पण पोरांना जेवू घालायचे, त्यांचे हगमूत काढायचे, रात्री एखादे रडले तर उठायचे, हे पत्रकाने होत नाही. ते बाईमाणसांनी केले. पुढे १८८३ साली जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. शेतकऱ्याच्या घरातली उपासमार त्यात जशी आली आहे तशी ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

आता दुसरी बाजू. भूक सगळ्यांना सारखे करते असे भाबडे लोक म्हणतात. तसे काही नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग लिहिला आहे. तेव्हाही दुष्काळ होता. सुभेदार रामजीबाबा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात दुष्काळी तळ्याच्या कामावर खजिनदार होते. माणसे हजारोंनी मरत होती म्हणून ते तळे खोदायला काढलेले. सुट्टीत बापाकडे निघालेली मुले, त्यांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव, मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलेले नाही. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दचकला. गाडीवाले दुप्पट भाडे देतो म्हटले तरी तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तो अशा अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डबा होता, पण प्यायला कुणी पाणी देईना. अन्न असून पोरे रात्रभर उपाशी राहिली. मुलूख दुष्काळाने मरत होता, आणि विटाळ मात्र तसाच जिवंत होता.

आणखी जवळचे सांगतो. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. आमची आई खडी फोडायला जायची, मी तेव्हा तिच्या पाठीवर. अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकरी आणि सुकडी, याच्यावर घर जगले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली मंजूर झाला आणि १९७९ पासून लागू. देशाला दिशा दाखवणारा कायदा, यात शंका नाही. पण आई सांगायची की कामावर पाण्याचे माठ दोन. आपल्या बायांचा माठ लांब, उन्हात. मुकादम मस्टरवर न आलेल्यांची नावे चढवायचा आणि आलेल्यांचे खाडे लावायचा. त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला पाण्याच्या कारणावरून आपल्या भगिनींची नग्न धिंड काढली गेली. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हेही आई सांगायची की त्याच कामावरची एक मराठ्याची म्हातारी दुपारी सगळ्यांच्या देखत आपला माठ उचलून आमच्या बायांच्या माठाशेजारी आणून ठेवायची आणि तिथेच बसून भाकरी खायची. तिला कोणी बोलले तर म्हणायची, मला तिकडे सावली वाटते. सावली तिथे नव्हतीच.

आता सावित्रीमाईंच्या दुसऱ्या पत्राकडे येतो, ते दुष्काळाच्या आधीचे, २९ ऑगस्ट १८६८ चे. नायगावला गणेश नावाचा ब्राह्मण तरुण होता, गावोगाव पंचांग सांगून पोट भरणारा. त्याचे आणि शारजा नावाच्या महाराच्या मुलीचे प्रेम जमले. शारजाला सहा महिने गेले होते. गावाला कळले तेव्हा गाव खवळले. दोघांना मारत, वाजतगाजत गावातून फिरवले आणि ठार मारायचा बेत ठरला. माई त्या वेळी गावात होत्या. धावत गेल्या, मध्ये उभ्या राहिल्या, जीव घेतलात तर इंग्रजी कायद्याने काय होईल त्याचे भय घातले. गावाने मारणे सोडले, पण दोघांनी गाव सोडावे ही अट घातली. दोघे रडत माईंच्या पायांवर पडले. माईंनी त्यांना पुण्याला जोतिरावांकडे पाठवले, आणि ते येत आहेत हे कळवण्यासाठी ते पत्र.

आपल्यातले काहीजण म्हणतील, त्यात काय, दोन जीव वाचवले. तर मी त्यांना सोनई आणि खर्डा आठवायला सांगतो. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, साल २०१३ आणि २०१४. प्रेमाच्या संशयावरून आपली पोरे मारली गेली. त्या गावांत शाळा होत्या, पोलीस होते, शिकलेली माणसे होती, दीडशे वर्षांचा सुधारणेचा इतिहास होता. मध्ये येऊन उभे राहणारे माणूस तेवढे नव्हते. १८६८ साली नायगावात एक बाई मध्ये उभी राहिली, आणि ते तिचे माहेर होते, जिथे बाईमाणूस वाईटपणा घेत नाही. त्याच माहेरी, १८५६ च्या पत्रात आहे, सख्ख्या भावाने तिला ऐकवले होते की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी कामे करता म्हणून वाळीत पडलात. भावाला तिने शांतपणे समजावले आणि आईला ते पटले, असे ती लिहिते.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. शाळेच्या पुस्तकात प्लेगच्या धड्यात रँड येतो, चाफेकर बंधू येतात. दुसऱ्या दोन मरणांची गोष्ट धड्यात नसते. पहिले मुंबईत, ९ फेब्रुवारी १८९७ चे. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिरावांचे चेले, १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, ज्यांच्यामुळे १८९० पासून आम्हा कामगारांना रविवारची सुटी मिळाली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना ते प्लेगनेच गेले. दर रविवारी झोप काढणाऱ्या किती कामगारांना हे नाव माहीत आहे? आमच्या खात्यात एकदा विचारले तर एकाने सांगितले, ते मागच्या युनियनचे सेक्रेटरी होते ना!

दुसरे पुण्यात. जोतिराव १८९० सालीच गेले होते. माई साठी ओलांडून पासष्टाच्या पुढे. यशवंत तोवर डॉक्टर झाला होता. हा यशवंत कोण, तर काशीबाई नावाच्या एका विधवेच्या पोटचा. लोकांनी जिला मरायला सोडले होते त्या बाईचे बाळंतपण फुल्यांच्या घरात झाले, आणि ते मूल त्यांनी आपले केले. माईंनी त्याला हाताशी धरून हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावापासून लांब, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. प्लेगच्या घरात तेव्हा भाऊ भावाला शिवत नव्हता. माणूस आजारी पडला की घरचेच पळून जायचे. अशा वेळी मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचे पोर प्लेगने पडल्याचे माईंना कळले. माई स्वतः गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन चालत दवाखान्यात आणले.

महाराचे पोर, अंगात प्लेग, आणि सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ. मुंढवा ते हडपसर आज सिटी बस आहे, मध्ये आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. मी एकदा मुद्दाम तो रस्ता चाललो. मोकळ्या हाताने चाललो तरी उन्हात दम लागला.

माईंना त्या पोराच्या संसर्गानेच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतराव मागे राहिले आणि १९०५ साली तेही प्लेगनेच गेले.